स्वयंपाकघराचं काम काढताय? आधी वही काढा

आमची इमारत तीस वर्षांची. पुण्यातल्या त्या काळच्या बहुतेक सोसायट्यांमध्ये असायचं तसंच आमचं स्वयंपाकघर होतं. मोझॅकची फरशी, काळा ओटा, त्याखाली कडाप्प्याचे कप्पे, भिंतीला दोन फूट पांढऱ्या टाइल्स आणि सिंकखाली बाराही महिने ओल. काम काढायचं ठरलं तेव्हा आमच्या मजल्यावरच्या तीन घरांमध्ये ते आधीच होऊन गेलेलं होतं आणि तिघांचाही खर्च ठरवल्यापेक्षा बराच वर गेला होता. मी तिन्ही घरी वही घेऊन गेले आणि पैसे नेमके कुठे वाढले ते विचारलं. ट्रॉल्या महाग पडल्या असं कुणी म्हणालं नाही. ग्रॅनाइट महाग पडलं असंही नाही. तिघांकडून फिरून फिरून एकच वाक्य ऐकायला मिळालं: "आता तोडलंच आहे, तर हेही करून घेऊ."

खर्च वाढतो तो इथे. पहिला हातोडा पडल्यानंतर घेतलेला जवळपास प्रत्येक निर्णय महाग पडतो, कारण समोर कारागीर उभा असतो, घरभर धूळ असते आणि दर विचारायला दुसरीकडे जायला वेळ नसतो. म्हणून या लेखातल्या बहुतेक पायऱ्या काम सुरू होण्याआधीच्या आहेत.

आकडे आमच्या घरचे आहेत: आठ बाय दहाचं स्वयंपाकघर, इंग्रजी एल आकाराचा ओटा. गावागणिक आणि मालागणिक दर बदलतील. त्यामुळे रकमा उचलू नका, हिशोबाची रीत तेवढी घ्या.

आकडा आधी, कारागीर नंतर

"किती खर्च येईल?" हा प्रश्न कारागिराला विचारायचा नाही. तो आधी घरात बसून स्वतःला विचारायचा. कर्ज न काढता आणि आजारपणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात न लावता किती रक्कम मोकळी आहे? मुदत संपलेली आवर्ती ठेव, भिशीची पाळी, दिवाळीचा बोनस, जे असेल ते धरा. आमच्याकडे ३,५०,००० रुपये निघाले. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि कारागिरांपैकी कुणालाही सांगितला नाही. आपण आकडा सांगितला की कोटेशन बरोबर तेवढ्याचंच येतं.

त्यातून सगळ्यात आधी १५ टक्के, म्हणजे ५२,५०० रुपये, वेगळ्या खात्यात टाकले. भिंत फोडल्यावर जे निघेल त्याच्यासाठीच हे पैसे. चांगल्या नळासाठी किंवा जास्त देखण्या टाइल्ससाठी ते वापरायचे नाहीत. इमारत दहा वर्षांच्या आतली असेल तर १० टक्के पुरतील, जुन्या लोखंडी पाइपांची असेल तर २० ठेवा. उरले २,९७,५००. आमचं खरं बजेट हे.

मग घरातल्या सगळ्यांना बसवून दोन याद्या केल्या. एका यादीत त्रास लिहिले: सिंकखालची ओल, मिक्सरसाठी दर वेळी प्लग काढावा लागणं, सासूबाईंना खाली वाकून डबे काढता न येणं. दुसऱ्या यादीत हौस लिहिली. पहिल्या यादीतला एकही त्रास शिल्लक असेपर्यंत दुसऱ्या यादीला पैसे नाहीत, असं ठरलं. पुढे शोरूममध्ये उभं असताना ही यादी फार उपयोगी पडली.

रकमेची वाटणी

आमच्या वहीतलं पान असं होतं:

तोडफोड आणि राडारोडा: १५,०००
नळकाम आणि वॉटरप्रूफिंग: २८,०००
वायरिंग: २२,०००
गवंडीकाम आणि टाइल्स: ३०,०००
ओटा: २०,०००
सिंक आणि नळ: १२,०००
ट्रॉल्या आणि कपाटं: १,१५,०००
चिमणी आणि शेगडी: ३०,०००
रंग: १०,०००
सोसायटीचं शुल्क आणि डबा: १२,०००

एकूण २,९४,०००. पहिल्या चार ओळींची बेरीज ९५,००० होते, म्हणजे जवळपास एक तृतीयांश पैसे अशा कामांत जातात जी झाल्यावर फारशी दिसतही नाहीत. बहुतेक जण या ओळी अंदाजाने लिहितात आणि ट्रॉल्यांची ओळ मात्र शोरूममध्ये तासभर बसून ठरवतात. नेमकं उलटं करा.

डब्याची ओळ पाहून आमच्याकडे सगळे हसले होते. पण चार माणसांचा दोन वेळचा डबा दिवसाला ४०० रुपये धरला, तर २२ दिवसांचे ८,८०० होतात, आणि ही ओळ वहीत नसेल तर ते पैसे घरखर्चातून गुपचूप जातात. सोसायटीकडे ठेवायची १०,००० रुपयांची अनामत परत मिळणारी होती, तरी महिनाभर ती अडकते, म्हणून तीही वेगळी काढून ठेवली.

डब्यासोबत चहा-दुधापुरती शेगडी गॅलरीत मांडणार असाल तर सिलिंडर उभाच ठेवा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर ठेवा आणि जागा हवेशीर असू द्या. पाइप गॅस असेल तर जोडणी हलवण्याचं काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या आणि त्याची तारीख आधी घ्या. आपल्या प्लंबरने तिला हात लावायचा नाही, टाइल्समागे ती गाडायचीही नाही.

भिंतीच्या आतलं काम

इथे काटकसर करू नका. नंतर दुरुस्ती निघाली तर नव्या टाइल्स फोडाव्या लागतात आणि एकच काम दोनदा होतं.

जुन्या इमारतीत गॅल्वनाइज्ड लोखंडी पाइप असतात. बाहेरून धडधाकट दिसतात, आतून गंजाने निम्मे बुजलेले असतात. स्वयंपाकघरात येणारी सगळी लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे न गंजणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपांची, करून घ्या. अर्धी नवी आणि अर्धी जुनी ठेवली तर गळती सांध्यावर सुरू होते. पाइप बसल्यावर, प्लॅस्टर करण्याआधी, तोंडं बंद करून रात्रभर पाण्याच्या दाबाखाली ठेवायला सांगा. नहाणी ट्रॅपभोवती (फरशीवरचं पाणी जिथून खाली जातं त्या जाळीभोवती) वॉटरप्रूफिंग झालं की त्या भागात पाणी तुंबवून किमान २४ तास ठेवा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघून या. या दोन चाचण्यांना जवळजवळ काही खर्च येत नाही, पण घाईत असलेला कारागीर आपणहून त्या करत नाही. "पाणी भरून दाखवल्याशिवाय टाइल लावायची नाही" हे वाक्य कोटेशनमध्येच लिहून घ्या.

सिंक आहे तिथेच ठेवा, हा माझा आग्रहाचा सल्ला. सिंक समोरच्या भिंतीला नेलं की सांडपाण्याचा पाइप लांबतो, त्याला उतार द्यावा लागतो, उतारासाठी फरशी उचलावी लागते, आणि एका हौसेपायी तीन ओळींचे आकडे बदलतात.

वायरिंगसाठी आधी घरातल्या प्रत्येक उपकरणाचं नाव लिहा: फ्रिज, मिक्सर, मायक्रोवेव्ह, पाण्याचा फिल्टर, चिमणी, इंडक्शन, घरघंटी. पुढच्या पाच वर्षांत डिशवॉशर घ्यायचा विचार असेल तर त्याचा पॉइंट आणि पाण्याची जोडणी आत्ताच काढून ठेवा. जड उपकरणांना १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि निदान अडीच चौरस मिलिमीटरची वायर लागते. दिव्यांना दीडची चालते. वायरसाठी भिंतीत कोरायची खाच, म्हणजे झिरी, एकदाच मारायची असते. नंतर एक पॉइंट वाढवायचा म्हणजे वायर, मजुरी, टाइल आणि रंग, सगळं आलं.

सोसायटीची लेखी परवानगी काम सुरू होण्याआधी हातात हवी. बीम, कॉलम आणि भार घेणाऱ्या भिंती यांना हात लावायचा नाही. चिमणीचं भोक कुठे पडणार हेही याच टप्प्यावर ठरवा. राडारोडा कोण उचलणार, किती खेपा आणि कुठे टाकणार, हे तोडफोडीच्या दरातच लिहून घ्या. मुंबईत यासाठी महापालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे. रस्त्याकडेला गोण्या टाकून निघून जाणारा माणूस स्वस्त पडतो, पण दंडाची पावती आपल्या नावाने येते.

टाइल्स आणि ओटा

ही मापं स्वतः घ्या. आमची फरशी ८० चौरस फूट. ओट्यावरच्या भिंतीची लांबी १८ फूट आणि उंची २ फूट, म्हणजे ३६. दोन्ही मिळून ११६, त्यावर तुटफुटीसाठी १० टक्के धरून साधारण १२८ चौरस फूट. टाइल्स खोक्यांत येतात, त्यामुळे खोक्याच्या पटीत घ्या आणि सगळी खोकी एकाच बॅचची आहेत का ते छापील क्रमांकावरून पाहा. नंतर आणलेल्या खोक्याचा रंग बहुधा जुळत नाही. चार-सहा टाइल्स माळ्यावर जपून ठेवा. जिथे कपाट येणार तिथे त्यामागे महाग टाइल लावू नका, ती कुणालाच दिसत नाही.

ओट्याचं माप: एका बाजूला १० गुणिले २ म्हणजे २०, दुसऱ्या बाजूला कोपरा वगळून ६ गुणिले २ म्हणजे १२, एकूण ३२ चौरस फूट. २२० रुपये दराने ग्रॅनाइट फक्त ७,०४० रुपयांचं झालं. मग वहीत २०,००० का? कारण कडेचं मोल्डिंग धावत्या फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीच्या फुटावर, वेगळं लागतं, सिंक आणि शेगडीसाठी भोक पाडण्याचे वेगळे पैसे लागतात, सिंकसाठी कापून काढलेल्या तुकड्याचेही पैसे आपणच भरतो, आणि खालचा आधार, वाहतूक, चढवण्याची मजुरी यांचं बिल वेगळं येतं. नुसता दगडाचा दर ऐकून खूश होऊ नका.

ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्या माणसाला उभं करून ठरवा. ३२ ते ३४ इंच ही नेहमीची मापं, पण आमच्या घरी दोन इंचांनी फार फरक पडला. चुकली तर दुरुस्त करणं म्हणजे नवा ओटाच घालणं.

ट्रॉल्या आणि कपाटं: कोटेशन वाचायला शिका

सगळ्यात मोठी रक्कम या ओळीत, आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच. मी तीन ठिकाणांहून कोटेशनं घेतली. एकाने धावत्या फुटावर दर दिला. दुसऱ्याने चौरस फुटावर दिला, पण फक्त समोरून दिसणाऱ्या दारांचं माप धरून. तिसऱ्यानेही चौरस फुटावरच दिला, पण आतल्या प्रत्येक फळीचं माप धरून. म्हणजे चारशे-साडेचारशेचा दर बाराशेच्या दरापेक्षा शेवटी महाग पडू शकतो. म्हणून दर विचारायचाच नाही. माप कसं धरलं आणि सगळं बसवून, करासकट एकूण किती, एवढंच विचारायचं.

सगळ्यात कमी कोटेशन ८५,००० चं होतं. ओळीला ओळ लावून पाहिली तेव्हा कळलं की त्यात चॅनेल (ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या), बिजागऱ्या आणि बास्केट धरलेलीच नव्हती. ती २४,००० ची. झाले १,०९,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, १९,६२०. एकूण १,२८,६२०. दुसरं कोटेशन १,१५,००० चं, सगळ्यासकट. पहिल्या नजरेला तीस हजारांनी महाग वाटलेलं कोटेशन प्रत्यक्षात तेरा हजारांनी स्वस्त निघालं.

कोटेशनमध्ये या गोष्टी नावानिशी लिहून घ्या: प्लायचा प्रकार, जाडी आणि कंपनी, बाहेरचं आणि आतलं लॅमिनेट, त्यांची जाडी, कडेची पट्टी, चॅनेल आणि बिजागरीची कंपनी, किती ड्रॉवर, किती बास्केट, स्टीलची ग्रेड, हँडल धरलीत की नाहीत. "चांगल्या प्रतीचं" या शब्दाला हिशोबात काही अर्थ नाही.

प्लायबद्दल थोडं. ओलाव्याला तोंड देणारं साधं एमआर प्लाय स्वयंपाकघराच्या खालच्या भागात टिकत नाही. आपल्याकडे फरशीवर पाणी ओतून धुण्याची सवय आहे, त्यामुळे सिंकखाली आणि ओट्याखाली आयएस ७१० चं, ज्याला दुकानदार मरीन म्हणतात ते, किंवा निदान बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही तोंड देणारं, घ्या. वरच्या कपाटांना बीडब्ल्यूआर पुष्कळ झालं. सगळीकडे मरीन लावून पैसे घालवू नका आणि सिंकखाली पार्टिकल बोर्ड लावून पैसे वाचवू नका, ते पाण्याने फुगतं. शिक्का मारलेल्या प्लायवर आयएसआय चिन्हाखाली परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये टाकून खरा आहे का बघता येतो. हे दुकानातच, पैसे देण्याआधी करा. खालच्या कपाटांना चार इंची पाय लावून घ्या, म्हणजे फरशी धुतली तरी लाकूड भिजणार नाही.

स्टीलच्या ट्रॉल्या घेताना विक्रेता लोहचुंबक लावून दाखवतो आणि "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४ आहे" असं सांगतो. ३०४ ही गंजाला चांगलं तोंड देणारी ग्रेड. पण स्वस्त, लवकर गंजणाऱ्या २०२ ग्रेडच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे या चाचणीने काहीच सिद्ध होत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्या. सिंकजवळच्या ट्रॉल्यांना ३०४ हवंच, चमचे-ताटल्यांच्या कोरड्या ड्रॉवरला थोडी तडजोड चालते.

पैसे वाचवायची खरी जागा ड्रॉवरच्या संख्येत आहे. एक साधं दाराचं कपाट आणि तेवढ्याच जागेत तीन ड्रॉवर, यांच्या किमतीत मोठं अंतर असतं, कारण प्रत्येक ड्रॉवरला चॅनेलची जोडी लागते. रोज उघडणारे चार-पाच ड्रॉवर चांगल्या चॅनेलचे, सॉफ्ट क्लोजचे करा. बाकी ठिकाणी साधी दारं. पीठ, तांदूळ, तेलाचा डबा यांना ड्रॉवर लागतच नाही. रोजच्या पातेल्यांसाठी आम्ही जुनी भिंतीवरची स्टीलची मांडणी घासूनपुसून पुन्हा लावली. नव्या ट्रॉल्यांसोबत ती कशी दिसेल याची मला काळजी होती. आज घरात सगळ्यात जास्त वापर तिचाच होतो.

उक्तं की रोजावर?

तोडफोड, टाइल्स, नळकाम ही कामं उक्ती द्या: ठरलेलं काम, ठरलेली रक्कम. रोजावर दिलं तर दिवस वाढतात. माल मात्र शक्य तितका स्वतः आणा. पुण्यात प्लायसाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आणि विजेच्या सामानासाठी बुधवार पेठ, मुंबईत लोहार चाळ, इथे एक दिवस फिरलात की दरांचा अंदाज येतो. सिमेंट, वाळू, खिळे-स्क्रू गवंड्याकडेच सोडा, त्यात आपली धावपळच जास्त होते.

पैसे टप्प्यांनी द्या. आगाऊ २० टक्क्यांच्या वर नको. माल घरात आल्यावर, मोजून आणि शिक्का बघून झाल्यावर पुढचा हप्ता. शेवटचे १० टक्के काम संपल्यानंतर पंधरा दिवस वापरून पाहिल्यावर. हे आधीच सांगितलं तर चांगल्या कारागिराला त्यात वावगं वाटत नाही. हिशोबाला पुरावा राहावा म्हणून यूपीआयने द्या. बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका, कारण बिलाविना वॉरंटी मागायची कशावर?

तारखाही पैशांशी जोडलेल्या असतात. गणपती, दिवाळी आणि होळीला बरेच कारागीर गावी जातात. "दिवाळीच्या आत करून द्या" म्हटलं की मजुरी वाढते आणि पाणी मुरायचा वेळ कापला जातो. आम्ही जानेवारीत सुरू केलं.

काम सुरू झाल्यावर

कामाचा क्रम असा ठेवा: तोडफोड, नळकाम आणि वायरिंगच्या झिऱ्या, वॉटरप्रूफिंग आणि पाण्याची चाचणी, फरशी, ओटा, भिंतीच्या टाइल्स, रंगाचे पहिले हात, मग ट्रॉल्या, शेवटी चिमणी आणि रंगाचा शेवटचा हात. ट्रॉल्यांचं डिझाइन आधी पक्कं करा, पण अंतिम माप ओटा आणि टाइल्स झाल्यावरच घ्यायला लावा. आधीच्या मापावर केलेली ट्रॉली अर्ध्या इंचाने अडली तर तो खर्च कुणाचा यावर भांडणं होतात.

रोज रात्री दहा मिनिटं वही. आज काय दिलं, कुणाला, कुठल्या ओळीतून, त्या ओळीत किती उरलं. आठवड्याने एकदम लिहायला बसलात तर निम्मं विसरलेलं असतं.

आणि बदलांसाठी एक नियम. मध्येच काही बदलायचं असेल तर तो बदल वहीत लिहायचा, त्याची किंमत कारागिराकडून लिहून घ्यायची, कुठल्या ओळीतून तेवढे पैसे काढणार ते समोर लिहायचं आणि एक रात्र जाऊ द्यायची. सकाळीही हवासा वाटला तर करायचा. आमच्या वहीत असे अकरा बदल लिहिले गेले, केले फक्त दोन. त्यातला एक म्हणजे सासूबाईंच्या डब्यांसाठी कमरेच्या उंचीवरचा ओढता कप्पा. त्याचे पैसे आम्ही चिमणीच्या ओळीतून काढले, आधी ठरवलेल्यापेक्षा साधी चिमणी घेऊन.

भिंत फोडल्यावर काय निघालं? सिंकमागचा पाइप इमारतीच्या पाइपांच्या डक्टपर्यंत कुजलेला होता, त्याचे १४,५०० वाढले. जुन्या नहाणी ट्रॅपखालून पाणी झिरपत होतं, म्हणून त्या कोपऱ्यातला कोबा उकरून नवा करावा लागला, त्याला ११,०००. चिमणीच्या वाटेत बीम आला, तिचा धूर नेणारा डक्ट वळसा घालून न्यावा लागला, ३,२००. एकूण २८,७००. ते सगळे त्या वेगळ्या ठेवलेल्या ५२,५०० मधून गेले. उरलेले २३,८०० काम संपेपर्यंत तसेच ठेवले. उरले म्हणून शेवटच्या आठवड्यात नवा फ्रिज घ्यायचा मोह झाला होता, पण तो दुसऱ्या यादीत होता आणि जुना चालत होता.

शेवटचा हप्ता देण्याआधी यादी हातात घेऊन फिरा. प्रत्येक ड्रॉवर भरून उघडा-झाका. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खाली हात लावून सांधे कोरडे आहेत का बघा. प्रत्येक पॉइंटला मिक्सर लावून बघा. फरशीवर बादलीभर पाणी ओता आणि ते नहाणीकडे जातं की कोपऱ्यात साचतं ते पाहा. खोट निघाली तर तारीख घालून लिहून द्या.

एक काम मात्र प्लॅस्टर होण्याआधीच करायचं असतं, नंतर करता येत नाही. पाइप आणि वायरी भिंतीत बसल्या की प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, मोजपट्टी भिंतीला लावून, जमिनीपासूनची आणि कोपऱ्यापासूनची अंतरं दिसतील असे. आम्ही ते छापून बिलांच्या फायलीत ठेवले आहेत. मे महिन्यात मांडणी हातभर सरकवायची ठरली तेव्हा ड्रिल लावण्याआधी फाइल उघडली. जिथे खूण केली होती, त्याच्या दोन इंच डावीकडून पाण्याचा पाइप गेलेला होता. खूण उजवीकडे घेतली.